चौथीचा अंगठा

एक माणूस बनवायला किती माणसं लागतात, असं कुणी मुलाखतवालीला विचारलं असतं तर तिने पटकन सांगितलं असतं, निदान दहा. तिच्या धंद्याचा तो पहिला नियम होता. तिची कंपनी फोनवरची अ‍ॅप बनवायची. ती कोण वापरणार हे कुणालाच नीट ठाऊक नसतं, म्हणून आधी दहाबारा खऱ्या लोकांना गाठायचं, त्यांच्याशी तासतासभर बोलायचं आणि त्या सगळ्यांचं मिळून एक खोटं माणूस तयार करायचं. त्याला वय द्यायचं, सवयी द्यायच्या, कटकटी द्यायच्या, कुणाचा तरी विकतचा फोटो चिकटवायचा आणि भिंतीवर टांगायचं. ऑफिसात त्याला पर्सोना म्हणत. अ‍ॅपचे पडदे रंगवणाऱ्या तिच्या सहकाऱ्याने, ज्याला सगळे रंगारी म्हणत, एखादं बटण बारीक केलं की लगेच कुणीतरी त्याच्यावर खेकसायचं, अरे, हे तिसऱ्या आजोबांना दिसणार कसं? हे तिसरे आजोबा जगाच्या पाठीवर कुठेच नव्हते, पण त्यांच्या मोतीबिंदूपायी अख्खं ऑफिस हवालदिल व्हायचं.

या वेळचं अ‍ॅप एका हॉस्पिटलसाठी होतं. रोग्याने घरातून डॉक्टरला निरोप पाठवायचा, डॉक्टरने उलट निरोप धाडायचा, एवढंच. त्यासाठी चार पर्सोना बनले होते. पहिले तीन नियमाप्रमाणे दहा जणांना घोटून केलेले होते आणि तसेच दिसायचे, गुळगुळीत आणि कुणाच्याही शेजारी राहू शकतील असे. चौथीचं मात्र तसं नव्हतं. चौथी एकाच बाईची होती. मुलाखतवालीने तिच्यात दुसऱ्या कुणाचा थेंबही घातला नव्हता, कारण घालायला तिचा हात धजला नाही. इतकी सबंध, इतकी खरी बाई बारा वर्षांच्या नोकरीत तिला भेटली नव्हती. शिवाय थोडा मिरवण्याचाही भाग होता, हे तिने स्वतःशी पुढे कबूल केलं. चौथी भिंतीवर लागली त्या दिवशी साहेब दहा मिनिटं तिच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले होते की याला म्हणतात काम.

ती बाई तिला भेटली एका मोठ्या इमारतीच्या तळघरात, धुलाईच्या खोलीत. सहा यंत्रं, एक बाक, आणि आत यायला-जायला एकच दार. बाईने मुलाखतीची जागा आणि वेळ स्वतःच ठरवली होती, दुपारी चार, कारण घराबाहेर पडायची तिला तेवढीच मुभा होती. कपडे फिरायला लागल्यावर तिने धुण्याच्या पावडरीचा डबा मांडीवर घेतला, आत कोपरापर्यंत हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक छोटा फोन बाहेर काढला. पावडर झटकली. घरातला मोठा फोन नवरा रोज संध्याकाळी तपासतो, म्हणाली, हा माझा. तो ती दिवसातून एकदाच, इथे, चार वाजता उघडायची. मधल्या बोटाच्या पेराने टकटक करत ती लिहायची, कारण उजवा अंगठा वळतच नव्हता.

मुलाखतवालीने विचारलं, अंगठ्याला काय झालं. आणि मग गप्प बसली, कारण प्रश्न विचारून गप्प बसणं हीच तिची खरी कला होती. यंत्राने दोन गिरक्या घेतल्यावर बाई बोलली. नवरा दारं बसवणारा कारागीर होता. त्याने तिचा अंगठा चौकटीवर ठेवला, नीट सरळ करून ठेवला, आणि दार लावलं. लावायच्या आधी म्हणाला, आवाज आला तर दुसरा.

"मग मी आवाज केला नाही," बाई म्हणाली. "तो बोलला की करतोच. शब्दाचा पक्का आहे, तेवढं एक आहे त्याच्यात."

हे सांगताना ती कपड्यांकडे बघत होती. त्याच सुरात तिने पुढे सांगितलं की शाळा सुटली की मुलगी थेट इथेच येते, आणि एक दिवस दोघी इथूनच निघून जाणार आहेत, वर घरी न जाता. कुठे जाणार तेही तिने सांगितलं. मुलाखतवालीच्या अंगावर काटा आला. पण खोटं कशाला बोला, त्याच वेळी तिच्या डोक्यात एक ओळ तयार होत होती: अ‍ॅपने कसलाही आवाज करता कामा नये, पडद्यावर काही दिसता कामा नये, आणि बटणं पेराने दाबता येतील एवढी मोठी हवीत.

बाईला चाचणीची आवृत्ती दिली गेली. तिच्या छोट्या फोनवर ती बिनआवाजाची बसली. फॉर्मवर मात्र एक चूक राहून गेली. चाचणीला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीला एक चालू नंबर लागतो, आणि छोट्या फोनचा नंबर कुणालाही द्यायची बाईची छाती होत नव्हती, म्हणून तिने मोठ्या फोनचा लिहिला. एजन्सीने त्या नंबरवर कधीच फोन करायचा नाही, असं मुलाखतवालीने एजन्सीला तोंडी सांगितलं होतं, लिहून दिलं नव्हतं. दीड महिन्याने एजन्सीला सातव्या माणसाची गरज पडली आणि कुणीतरी जुनी यादी काढून फोन लावला.

चाचणीच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, फोन ठेवायचं लोखंडी कपाट आणि छताला कॅमेरा होता. शेजारच्या खोलीत साहेब आणि रंगारी कानाला हेडफोन लावून सगळं बघत बसायचे. चाचणी चालू असताना आत जायचं नाही, हा ऑफिसचा कडक दंडक होता, दारावर लाल दिवा लागलेला असताना खुद्द साहेबसुद्धा आत शिरत नसत. आलेल्या माणसाला नाव नसायचं, नंबर असायचा. त्या दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आत आला तो सातवा.

चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, नखं स्वच्छ कापलेली, बोलायला अगदी मऊ. आत येताना त्याने दार दोनदा उघडून मिटलं आणि वरची बिजागरी ढिली झाल्याचं सांगितलं, म्हणून दार आत उघडताना खाली घासतंय. मग खिशातून दोन फोन काढून टेबलावर पालथे ठेवले. दोन-दोन फोन बाळगणारे लोक पुष्कळ येतात. मुलाखतवालीने हसून त्याचे आभार मानले आणि नेहमीचं पाठ केलेलं सांगितलं. इथे परीक्षा तुमची नाही, अ‍ॅपची आहे. मनात येईल ते मोठ्याने बोलत बोलत करा. अडलात तर मी मदत करणार नाही, कारण तसा नियम आहे. रागवू नका.

"नियम असतील तर पाळायलाच पाहिजेत," सातवा म्हणाला.

आणि मग तिने त्याला कार्ड दिलं. या धंद्यात अशी पद्धत आहे की माणसाला पर्सोनाच्या चपला घालायला लावायच्या. समजा तुम्ही अमुक आहात, तुमची अमुक अडचण आहे, आता हे काम करून दाखवा. आजचं कार्ड चौथीचं होतं. जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं. सातव्याने ते मोठ्याने वाचलं, कारण त्याला तसं सांगितलं होतं.

"समजा तुम्ही छत्तीस वर्षांची गृहिणी आहात. तुमचा उजवा अंगठा वळत नाही. तुमचा फोन तुम्ही धुण्याच्या पावडरीच्या डब्यात ठेवता आणि फक्त दुपारी चार वाजता उघडता."

 कार्ड त्याने टेबलावर ठेवलं, कडा टेबलाच्या कडेशी जुळवली.

"आत्ता मनात काय चाललंय?" मुलाखतवालीने विचारलं. हाही पाठ केलेलाच प्रश्न होता.

"मनात असं चाललंय," सातवा म्हणाला, "की माझा अंगठा का वळत नाही. त्याचं कारण इथे लिहिलेलं नाही." चाचणीचा फोन त्याने उजव्या हातात घेतला, अंगठा लाकडासारखा ताठ धरला आणि मधल्या बोटाचं पेर पडद्यावर टेकवलं. ती बाई टेकवायची अगदी तसं. "मी ऐकलं नसेल. मग मला समजावून सांगितलं असेल. अंगठा ठेव म्हणाला असेल, आणि म्हणाला असेल, आवाज आला तर दुसरा."

 ते वाक्य कार्डावर नव्हतं. भिंतीवर नव्हतं. ऑफिसात कुणालाच ते ठाऊक नव्हतं. मुलाखतवालीने ते मुद्दाम वगळलं होतं.

तिची नजर टेबलावरच्या दोन फोनांकडे गेली. त्यातला एक त्या बाईचा मोठा फोन होता, आता तिला कळलं. म्हणजे घरी फोन करून उपयोग नव्हता, फोन इथेच होता. घड्याळात तीन वाजून पंचवीस झाले होते. इथून ती इमारत मोटारसायकलवर वीस मिनिटं. हा आत्ता उठला तर पावणेचारला तिथे पोचेल, बाई नुकतीच डबा घेऊन खाली उतरत असेल, मुलगी दप्तर टाकून बाकावर बसली असेल, आणि त्या खोलीला दार एकच.

आरडाओरडा केला असता तर तो उठून गेला असता. बोलण्यापलीकडे त्याने अजून काही केलं नव्हतं, त्याला कुणी कशासाठी अडवलं असतं? तिच्या हातात एकच गोष्ट होती. चाचणी चालू ठेवायची.

तिने लॅपटॉप जवळ ओढला. नोंदी टाइप केल्यासारखं करत तिने चाचणीच्या खात्यातून चौथीच्या छोट्या फोनवर निरोप धाडला: "त्याला सगळं कळलंय. वर जाऊ नका. मुलीला घेऊन तिथूनच निघा." निरोपापुढे राखाडी टिंब आलं, म्हणजे पोचला पण वाचला नाही. चार वाजेपर्यंत तो वाचला जाणारच नव्हता. फोन वाजणार नव्हता, थरथरणार नव्हता, उजळणारसुद्धा नव्हता, कारण खुद्द तिनेच महिनाभर भांडून रंगाऱ्याकडून तसं करून घेतलं होतं. मग तिने नोंदींच्या पानावर, जे शेजारच्या खोलीत त्याच क्षणी दिसायचं, लिहिलं: "हाच तो नवरा. पोलिसांना बोलवा. तो तिला मारून टाकेल."

शेजारी काय झालं ते तिला नंतर कळलं आणि तिने कपाळावर हात मारायचं तेवढं बाकी ठेवलं, कारण हात मारण्याच्या स्थितीत नव्हते. नोंदींच्या पानावर फक्त आलेल्या माणसाचं बोलणं उतरवायचं, अशी ऑफिसची शिस्त होती, आणि ती शिस्त तिनेच लावली होती. साहेबांनी ते वाचलं, हेडफोनमध्ये आपल्याकडून एखादं वाक्य निसटलं असेल असं धरून चालले आणि रंगाऱ्याच्या पाठीवर थाप मारली. माणूस भूमिकेत किती शिरलाय बघ, म्हणाले, असा सातवा रोज मिळाला पाहिजे.

"पहिलं काम," मुलाखतवाली म्हणाली.  "डॉक्टरला निरोप पाठवा की अंगठा दुखतोय."

सातव्याने पाठवला. पेराने एकेक अक्षर ठोकत, सावकाश, जिभेचं टोक बाहेर काढून. दुसरं काम दिलं, तेही त्याने केलं. मधेच म्हणाला की ती फार बडबडी बाई दिसते, परक्या माणसापुढे घरातलं सगळं ओततेय. मुलाखतवालीने विचारलं, आणि मग? त्याने सांगितलं. गेल्या महिन्यात घरी एका एजन्सीचा फोन आला. घरच्यांनी मागे मुलाखत दिली होती, आता चाचणीला याल का? आमच्या घरच्यांनी कसली मुलाखत दिली, ते बघायला तो आला होता. मुलाखतवाली मान हलवत राहिली, आणि मग, आणि मग करत राहिली, आणि तो सांगत राहिला. त्याने सांगितलेलं सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. उकळत्या पाण्याचं होतं, पट्ट्याचं होतं, पोरीला खोलीच्या बाहेर बसवून आतून कडी लावण्याचं होतं. तो हे बिजागऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलत होता. ती मिनिटं मोजत होती.

तीन एकेचाळीसला त्याने विचारलं, "घड्याळाकडे सारखं का बघताय, मॅडम?"

आणि त्याने लॅपटॉप आपल्याकडे फिरवला. त्याने निरोप वाचला. राखाडी टिंबावर बोट ठेवलं, चाचणीत शिकला होता, टिंबाचा अर्थ त्याला कळत होता. मग उठला, चौथीचं कार्ड मधोमध दुमडलं, पुन्हा दुमडलं आणि दाराच्या खाली पाचर मारावी तसं बुटाने ठोकून बसवलं. आत उघडणारं दार आता आत उघडणार नव्हतं. परत येऊन त्याने तिच्या कानशिलात मारली. एकदाच, पण ती खुर्चीसकट भिंतीवर आदळली आणि तिच्या तोंडात रक्ताची चव आली.

"परत घे तो."

न वाचलेला निरोप मागे घेता येतो, हे खरं होतं. ती सोय अ‍ॅपमध्ये होती. चाचणीचं तिसरं काम तेच होतं. पण मागे घ्यायचं बटण रंगाऱ्याने अशा ठिकाणी दडवलं होतं की आधीच्या सहांपैकी एकालाही ते सापडलं नव्हतं. त्यावरून दोन आठवडे ऑफिसात रामायण चाललं होतं, मुलाखतवालीने रंगाऱ्याला चारचौघांत नको नको ते सुनावलं होतं.

सातव्याने शोधलं. वर दाबलं, खाली दाबलं, निरोपावर बोट दाबून धरलं, उजवीकडे सरकवलं. डॉक्टरांची यादी उघडली. दवाखान्याचा नकाशा उघडला. त्याच्या मानेची शीर फुगली. दाराबाहेर आता रंगाऱ्याचा आवाज येत होता, साहेब खांद्याने दार ढकलत होते आणि पुठ्ठा तसूभर सरकत नव्हता.

"कुठे आहे?"

"मदत करता येत नाही," मुलाखतवाली म्हणाली. "नियम आहे."

त्याने तिला केसांना धरून उठवलं आणि कपाटापाशी नेलं. लोखंडी दार उघडलं. तिचा उजवा हात कपाटाच्या कडेवर ठेवला आणि अंगठा सुटा करून सरळ केला, अगदी काळजीने, मोजमाप घेतल्यासारखा. तिने त्याला लाथ मारली, चावली, त्याच्या मनगटाला तिच्या दातांचे वण उठले, पण त्याने पकड सोडली नाही.

"आवाज आला तर दुसरा," तो म्हणाला आणि कपाटाचं दार सगळ्या अंगाने लोटलं.

हाड मोडल्याचं तिला आधी ऐकू आलं आणि कळ नंतर आली. तिने ओठ चावला. हूं की चूं केलं नाही. तळघरातल्या बाईने हे कसं केलं असेल, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता. त्याने पुन्हा विचारलं, कुठे आहे. ती जमिनीवर बसली होती, हात पोटाशी धरून, आणि टेबलावरचा पडदा तिला तिथून दिसत होता. टिंब राखाडी होतं. तीन वाजून बावन्न.

सातव्याने लॅपटॉप उचलून भिंतीवर आपटायला घेतला आणि मग थांबला. तो अडाणी नव्हता. "राहू दे," म्हणाला, अर्धा स्वतःशीच. "बोगद्यातून गेलो तर दहा मिनिटांत पोचतो. वाचून कुठे जाईल? दार एकच आहे." त्याने दोन्ही फोन खिशात घातले, शर्ट सारखा केला आणि पाचर काढायला दाराशी वाकला. बाहेर दोघे ढकलतच होते, त्यांना त्याने एका धक्क्यात आडवं केलं असतं. साहेबांचं वय झालं होतं आणि रंगारी काडीपैलवान.

मुलाखतवालीला बेरीज करायला एक क्षण लागला. आत्ता तो गेला तर चारच्या सुमारास तो तिथे असेल. आणि तिला तळघरातलं ते वाक्य आठवलं. तो बोलला की करतोच, शब्दाचा पक्का आहे.

तिने तोंड उघडलं आणि ती ओरडली. पोटाच्या तळापासून, जितकं ओरडता येईल तितकं, श्वास संपला की नवा श्वास घेऊन पुन्हा.

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं काम अर्धवट टाकून निघालो होतो, ते कुणीतरी लक्षात आणून द्यावं, तसा काहीसा भाव होता. त्याने बुटाच्या टाचेने पाचर परत ठोकली आणि तो तिच्याकडे आला.

"सांगितलं होतं ना," तो म्हणाला.

या वेळी तिने लाथा मारल्या, डोकं मारलं, टेबलाचा पाय दंडात घट्ट धरून ठेवला. वाचण्यासाठी नाही, वेळ जावा म्हणून. त्याला तिला तिथून सोडवून कपाटापर्यंत ओढायला लागलं, मोडलेल्या हातावर पाय द्यावा लागला, आणि डावा अंगठा नीट ठेवायला दोनदा प्रयत्न करावा लागला, कारण ती मूठ आवळून होती. त्याने बोटं एकेक करून उलगडली. दार लोटलं. पहिल्यांदा नीट बसलं नाही, म्हणून त्याने ते पुन्हा लोटलं.

त्यानंतरचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. वरची बिजागरी ढिली होती, ती अखेर चौकटीतून उपटली. दार तिरपं होऊन आत पडलं. रंगाऱ्याने, ज्याने जन्मात कधी झुरळ मारलं नव्हतं, अग्निशामक नळकांडं सातव्याच्या डोक्यात घातलं. मग पुन्हा घातलं. साहेबांनी त्याला मागे ओढलं नसतं तर तो थांबला नसता. सातवा कपाटाला टेकून बसला, त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर रक्त ओघळत होतं आणि तो सगळ्यांकडे दुखावल्या नजरेने बघत होता.

मुलाखतवाली पडद्याकडे बघत होती. टिंब राखाडी होतं. चार वाजून एक. चार वाजून दोन. साहेब काहीतरी विचारत होते, तिला ऐकू येत नव्हतं. चार वाजून तीन मिनिटांनी टिंब हिरवं झालं. आणि लगेच खाली उत्तर आलं. टाइप केलेलं नव्हतं. अ‍ॅपमध्ये एक भलंमोठं बटण होतं, पेराने दाबता यावं म्हणून तिने मागून घेतलेलं. त्यावर एकच शब्द होता, तोच आला: "समजलं."

ती सातव्याकडे वळली. तिचे ओठ सुजले होते, तरी ती स्पष्ट बोलली.

"चाचणी संपली," ती म्हणाली. "आल्याबद्दल आभार."

पोलीस त्या इमारतीत पोचले तेव्हा धुलाईच्या खोलीत एक यंत्र अजून फिरत होतं. पावडरीचा डबा बाकावर होता आणि त्यात छोटा फोन. बाई आणि मुलगी नव्हत्या. मुलाखतवालीच्या हातांवर दोन शस्त्रक्रिया झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, हाडं जुळतील, पण अंगठे वळण्याची आशा धरू नका. दवाखान्यातून आल्यावर तिने पहिलं काम केलं ते धंद्याच्या दृष्टीने महापाप होतं. त्या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण आणि सगळ्या नोंदी तिने पुसून टाकल्या, कारण बाई कुठे जाणार होती ते त्यांत होतं. मग भिंतीवरची चौथी उतरवली आणि तिच्या जागी नवी लावली. आणखी नऊ बायकांना भेटून, नियमाप्रमाणे घोटून केलेली. नवी चौथी कुणाच्याही शेजारी राहू शकली असती.

दोन महिन्यांनी सातव्याचा धाकटा भाऊ ऑफिसात आला. मोठा भाऊ तुरुंगात खटल्याची वाट बघत होता. हा सभ्य होता, आवाज तसाच मऊ. झालं ते फार वाईट झालं, म्हणाला, त्याने भावाच्या वतीने माफी मागितली, खाली मान घालून मागितली. मग म्हणाला की वहिनीची काळजी वाटते. एकटी बाई, बरोबर पोर. कुठे असेल एवढं कळलं तरी जिवाला बरं वाटेल. भाऊ सांगत होता, तुम्हाला तिने सगळं सांगितलंय.

मुलाखतवालीने त्याला भिंतीपाशी नेलं.

"ही का?" ती म्हणाली. "ही खरी नाही हो. आम्हीच बनवली. दहा जणींची मिळून एक केली."

दिराने नव्या चौथीचा फोटो पाहिला, मजकूर वाचला. त्यात अंगठा नव्हता, पावडरीचा डबा नव्हता. "पण भाऊ म्हणतो, तिचंच सगळं होतं. तिचं बोलणं, तिच्या सवयी."

"सगळ्यांनाच वाटतं तसं," ती म्हणाली. "नीट बनवली की वाटतं."

त्याने अजून थोडा वेळ वाचलं. मग निघतो म्हणाला. घरी आलेल्या माणसाला सोडायला जावं तशी ती त्याच्याबरोबर लिफ्टपर्यंत गेली. दोघे दारापुढे उभे राहिले. तिने उजवा हात वर केला, ताठ अंगठा बाजूला ठेवला आणि मधल्या बोटाच्या पेराने बटण दाबलं. दीर त्या हाताकडे बघत राहिला. लिफ्ट आली तरी बघत होता.